घरात माणसं पाच, पासपोर्ट तीन

गेल्या अंकात एका आजींना उत्तर देताना मी सहज लिहून गेले की नातू अमेरिकन आणि आजी कऱ्हाडची, यात कुणाचंच काही बिघडलेलं नाही. झालं! त्या एका वाक्यावरून इतकी पत्रं, मेल, व्हॉट्सॲप आलेत की या वेळी सासू-सून, लग्न जमत नाही, मुलगा मोबाइल सोडत नाही हे सगळे हुकमी विषय बाजूला ठेवलेत. रागावलेली पत्रं जास्त आहेत हे आधीच सांगते. नावं छापत नाहीये, गावं तेवढी छापतेय.

प्रश्न (कोथरूड, पुणे): माझं वय 74, बँकेतून रिटायर झालो. मुलगा 2006 पासून न्यू जर्सीत. परवा त्यानं फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, सूट घातलेला, हातात तो छोटा अमेरिकन झेंडा, आणि खाली सगळ्यांचं अभिनंदन अभिनंदन. आम्ही 71 च्या युद्धात खिडक्यांना काळे कागद लावून बसलेली माणसं. त्या शपथेत म्हणे परक्या देशाची निष्ठा सोडली असं म्हणावं लागतं. म्हणजे भारत आता परका देश? मी ग्रुप सोडला. बायको म्हणते तुमचं जरा अतीच होतंय. कोणाचं बरोबर?

उत्तर: काकूंचं. आधी ग्रुपवर परत या, मग पुढचं वाचा.

आता तुमच्या मुद्द्याकडे येते, कारण तो अगदीच फालतू नाहीये. शपथेत तसं म्हणावं लागतं हे खरंय, परका राजा, परकी सत्ता, परकं राज्य यांच्यावरची निष्ठा मी पूर्णपणे सोडतो अशा अर्थाचं, ती भाषाच अठराव्या शतकातली आहे, तेव्हा युरोपातल्या राजांची प्रजा डोळ्यासमोर होती, कोथरूड नव्हतं. पण काका, दुसरी बाजू आपली स्वतःची आहे. आपला 1955 चा नागरिकत्व कायदा, त्याचं कलम 9, त्यात सरळ लिहिलंय की स्वखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपलं. कुणी विचारायला येत नाही, ते आपोआप जातं. इंग्लंडचा माणूस अमेरिकन झाला तर ब्रिटिश पण राहतो, आपल्याकडे ती सोय नाही. तेव्हा मुलानं भारत सोडला असं म्हणताना निम्मं दार दिल्लीनंच लावून घेतलंय हे पण लक्षात घ्या.

आणि त्यानं हे का केलं असेल? झेंड्यावर जीव जडला म्हणून, असं मला तरी वाटत नाही. त्याला एकदा विचारा, बाबा रे तुझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत नंबर लागल्याची तारीख, काय होती. अमेरिकेतल्या मराठी घरांत हा शब्द पोळीभाजीसारखा रोजचा आहे आणि इथे आईवडिलांनी तो ऐकलेलाही नसतो. नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, त्यात कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांहून जास्त नाहीत, म्हणजे आइसलँडला जी मर्यादा तीच भारताला, त्यामुळे आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. तोवर एच-वन-बी, म्हणजे नोकरीवर अवलंबून असलेला व्हिसा. नोकरी गेली की 60 दिवसांत दुसरी शोधा नाहीतर गाशा गुंडाळा, भारतात सुट्टीला आलं की परतीच्या व्हिसा स्टॅम्पिंगची धाकधूक, लहानपणी नेलेलं पोर 21 वर्षांचं झालं की आईबापांच्या अर्जातून बाहेर. ही सगळी वर्षं तुमचा मुलगा रविवारी फोनवर 'मजेत आहे बाबा' म्हणत होता.

आता गंमत ऐका. ग्रीन कार्ड मिळालं तरी माणूस मोकळा होत नाही. ते तिथे राहणाऱ्याचं कार्ड आहे, सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात की विमानतळावर प्रश्न सुरू, आणि आधी परवानगी न काढता वर्ष ओलांडलं तर कार्डच धोक्यात. म्हणजे उद्या तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, काकूंचं काही दुखणं उद्भवलं आणि त्याला दहा महिने कोथरूडात येऊन राहायचं झालं, तर ग्रीन कार्डवाला मुलगा सगळा वेळ कॅलेंडर बघत बसणार. अमेरिकन झालेला आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड) काढलेला मुलगा मात्र हवं तितकं राहू शकतो, इकडे व्हिसा नको आणि तिकडे परत घेतील की नाही ही भीती नको. ज्या कागदामुळे तुम्ही ग्रुप सोडलात ना, त्याच कागदामुळे तो तुमच्या उशाशी बसू शकणार आहे. त्यानं हा हिशोब केला होता का ते त्यालाच विचारा. बरेच जण करतात, फक्त ते फोटोखाली लिहायची पद्धत नाही.

आणि एक. 'पूर्वी कुटुंबं एकत्र असायची, आता विखुरली' असं तुम्ही पत्रात पुढे बरंच लिहिलंय (जागेअभावी छापलं नाही). कोकणातल्या कुणालाही विचारा हो. गिरणगावात एका खोलीत बिऱ्हाडाला दहा-पंधरा बापे, पाळीप्रमाणे झोपायचं, जेवण खानावळीत, बायकापोरं गावाला, मनीऑर्डर महिन्याला आणि माणूस दिसणार गणपतीला नाहीतर शिमग्याला. 1982 चा संप होऊन गिरण्या बसेपर्यंत हजारो घरं अशीच चालली. माणसं लांब गेल्याचं दुःख आपल्याला जुनं आहे, त्याला ओव्या आहेत, रीतभात आहे, एसटी स्टँडवर रडायची सुद्धा पद्धत आहे. नवीन एवढंच झालंय की आता एकाच घरातले कागद वेगवेगळ्या देशांचे झालेत, आणि त्याचं काय करायचं, रडायचं की पेढे वाटायचे, हे अजून आपल्या समाजाचं ठरलेलं नाही. म्हणून तुमच्या घरात बाप ग्रुप सोडतो आणि मावशी इमोजी टाकते.

प्रश्न (वाई, जि. सातारा): भाऊ कॅनडाचा नागरिक झालाय, ओसीआय आहे. गावची शेती वडिलांच्या नावावर. शेजारचे म्हणतात त्याचा हक्क गेला, आता सगळं तुझंच. खरं का? शिवाय त्याचं नाव इथल्या मतदार यादीत अजून आहे आणि मागच्या निवडणुकीला एक कार्यकर्ता म्हणाला, आलाय तर करून जाऊ दे मतदान.

उत्तर: शेजारच्यांना चहा द्या, सल्ला घेऊ नका. ओसीआयवाल्याला इथे शेतजमीन, फार्महाउस, मळे विकत घेता येत नाहीत, पण वारसाहक्कानं येणारं येतं. वडिलांच्या पश्चात भाऊ वारस म्हणून लागणारच, आणि बहीण असेल तर तीही, 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीनं हिस्सेदार आहे, तिचं नाव तुमच्या अख्ख्या पत्रात कुठेच आलेलं नाही म्हणून मुद्दाम आठवण करून देतेय.

मतदान अजिबात नाही. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, नावात सिटिझन असलं तरी. मत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही, सरकारी नोकरी सहसा नाही. ताजमहालाचं तिकीट मात्र भारतीय दरात मिळतं, तेवढ्यावर समाधान माना. यादीतून नाव काढायला फॉर्म 7 असतो, तो भरून टाका. भारतीय पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट घेतलंय ना तेही विचारा, कारण जुना पासपोर्ट 'असू दे आठवण' म्हणून कपाटात ठेवणारे आणि वर त्यावर प्रवास करणारे महाभाग मला माहीत आहेत, ते प्रकरण दंडापर्यंत जातं.

प्रश्न (फोंडा, गोवा): आमच्या घरची गोष्ट ऐका. आजोबांनी 1967 च्या ओपिनियन पोलला महाराष्ट्रात विलीन व्हायचं म्हणून फुलावर मत दिलेलं, आमचं सगळं घर कट्टर मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं. वडील 1950 चे, म्हणजे जन्म पोर्तुगीज अमलातला. त्यांच्या जन्माच्या जोरावर धाकट्या भावानं पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि इंग्लंडात स्विंडनला गेला, वेअरहाउसमध्ये काम करतो. आता माझी बायको मागे लागलीय तुम्ही पण काढा, मुलांचं कल्याण होईल. वडील म्हणतात ज्यांना हाकललं त्यांच्याच दारात जायचं? मी काय करू? इथे राहून तरी काय, नोकऱ्या नाहीत आणि जमिनी भायल्यांनी (बाहेरच्यांनी) घेतल्या.

उत्तर: तुमचं पत्र वाचून मी दोनदा चहा केला. एका घरात तीन पिढ्या आणि तिघांचे तीन देश, आणि त्यातला एकही जण घर सोडून कुठे गेला नव्हता, भाऊ जाईपर्यंत! आजोबांनी ज्या फुलावर शिक्का मारला ते 34,021 मतांनी हरलं, गोवा वेगळा ठेवा म्हणणारी दोन पानं जिंकली, नाहीतर तुम्ही आज मला महाराष्ट्रातून पत्र लिहिलं असतंत.

कायद्याचं आधी. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, आणि 1962 च्या आदेशानं गोव्यात जन्मलेले लोक 20 डिसेंबर 1961 पासून भारतीय नागरिक धरले गेले. तुमचे वडील तेव्हा अकरा वर्षांचे, त्यांना कुणी विचारलं नाही, पण ते भारतीय झाले. दुसऱ्या बाजूला पोर्तुगालनं 1974 च्या शेवटी करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, तरी मुक्तीआधी इथे जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुलानातवंडांचा पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा त्यांचा कायदा मानत आला. म्हणून ती लिस्बनची जन्मनोंद, म्हणून ते एजंट, म्हणून जुन्या नोंदी काढायला लागणाऱ्या रांगा. यात पोर्तुगालचं प्रेम वगैरे कुणाला नसतं, बहुतेकांना पोर्तुगीजमध्ये 'बोंदिया'च्या पुढे येत नाही. पोर्तुगाल हे दार होतं आणि जायचं होतं इंग्लंडला.

आणि इथेच तुमच्या बायकोला नीट बसवून सांगायला पाहिजे की ते दार आता तिकडे उघडत नाही. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, मोकळेपणानं जायची मुदत 2020 च्या डिसेंबरअखेर संपली, आधीपासून तिथे असलेल्यांना अर्ज करायची सर्वसाधारण मुदत 30 जून 2021 होती. तुमचा भाऊ वेळेवर गेला. आज तुम्ही पोर्तुगीज पासपोर्ट काढलात तर स्विंडनला नोकरीसाठी व्हिसा लागणार, पासपोर्ट चालेल तो पोर्तुगाल, जर्मनी, फ्रान्स, आयर्लंड अशा ठिकाणी. पोर्तुगालमध्ये पगार किती, भाडं किती, तुम्हाला तिथलं काम काय मिळणार, आधी हे बघा. अजूनही 'स्विंडन, स्विंडन' करणारा एजंट भेटला तर समजा त्याचं कॅलेंडर पाच-सहा वर्षं मागे आहे.

पासपोर्ट हातात घेतलात की भारतीय नागरिकत्व जाणार, म्हणजे मत जाणार, पंचायतीत उभं राहायचा हक्क जाणार, आणि मग भायल्यांनी जमिनी घेतल्या म्हणून ओरडायला ग्रामसभेत तुम्ही नसणार. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये, पण गोव्यात याचं दुखणं मोठं आहे, जे लोक जमिनीबद्दल सगळ्यात जास्त तळमळतात त्यांच्यातलेच कितीतरी यादीतून कमी होतात. तारवटी, म्हणजे खलाशी, बोटीवर गेला तरी त्याचं मत गावात राहायचं, हा फरक.

घराचंही लिहिलंयत की भाऊ त्याचा हिस्सा तुम्हाला विकायला तयार आहे. गोव्यात अजून तो पोर्तुगीजांच्या वेळचा नागरी कायदा आहे, लग्नानं नवराबायकोची मालमत्ता सहसा एकत्र येते, निम्मी निम्मी, तेव्हा भावाच्या सहीबरोबर भावजयीचीही सही लागेल, दोघं तिकडे तर दोघांची पॉवर ऑफ ॲटर्नी. पासपोर्टचा रंग बदलल्यानं वारसा जात नाही, पण इन्व्हेंटरी (वारसांच्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) वडील गेल्यावर भांडत करण्यापेक्षा आत्ता कागद जुळवून ठेवा.

काढू की नको हे मी सांगणार नाही. वडिलांचा राग मात्र मुलांसमोर उडवून लावू नका, अकरा वर्षांच्या मुलानं आकाशातून विमानं जाताना पाहिलेली आहेत ती.

प्रश्न (ठाणे): माझा नातू टेक्सासमध्ये जन्मला. 2024 च्या वर्ल्डकपात अमेरिकेविरुद्ध कोहली पहिल्याच बॉलला आउट झाला तर हा सोफ्यावर नाचला. मला फार लागलं ते. वेडेपणा आहे का माझा?

उत्तर: वेडेपणा नाही, पण आउट करणारा कोण होता ते बघा की! सौरभ नेत्रावळकर, आपल्या मुंबईचा, 2010 चा अंडर-19 वर्ल्डकप भारताकडून खेळलेला, मुंबईकडून रणजी खेळलेला, मग शिकायला अमेरिकेत गेला, ओरॅकलमध्ये इंजिनिअर, आणि त्या दिवशी त्यानं कोहली आणि रोहित दोघांनाही घालवलं. तुमच्या नातवानं मराठी माणसानं काढलेल्या विकेटवर नाच केला, आणि तुम्ही त्याच मराठी माणसानं काढलेल्या विकेटवर रडलात, आता देशभक्त कोण ते तुम्हीच ठरवा. इंग्लंडमध्ये 1990 साली नॉर्मन टेबिट नावाच्या पुढाऱ्यानं हाच मुद्दा काढला होता, स्थलांतरित लोक क्रिकेटमध्ये कुणाच्या बाजूनं ओरडतात त्यावरून त्यांची निष्ठा कळते म्हणून. तेव्हा तो आपल्याच लोकांना टोचला होता, सगळे चिडले होते. तोच नियम आता आजोबांनी नातवाला लावू नये. मॅच भारतच जिंकला, विसरा.

प्रश्न (नाशिक): मला मुलगी झाली. जन्माच्या दाखल्यावर तिच्या नावापुढे माझं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव असं आलंय. सासूबाई म्हणतात हे काय नवीन फॅड, बापाचं नाव मागे ढकललं. नवरा सिंगापूरला आहे, पासपोर्ट काढायचाय, त्याला अडचण येईल का?

उत्तर: फॅड नाही, राज्य सरकारचा निर्णय आहे. 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदपत्रांत अशीच लिहायची, आधी बाळ, मग आई, मग वडील, मग आडनाव. सासूबाईंना सांगा ढकललं कुणालाच नाही, मध्ये एका बाईला जागा करून दिली, जिनं नऊ महिने काढले. त्यांचं स्वतःचं नाव त्यांच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर कुठे आहे का ते एकदा बघायला सांगा, कदाचित राग दुसरीकडेच वळेल.

तुम्हाला हे छोटं वाटत असेल पण छोटं नाहीये. 1999 पर्यंत वडील हयात असताना आई ही पालक म्हणून कागदावर दुय्यमच धरली जायची, गीता हरिहरन या लेखिकेला आपल्या मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे बाँड घेताना वडिलांची सही आणा म्हटलं गेलं, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं तेव्हा कुठे आईला जागा मिळाली. पासपोर्टच्या अर्जात आईवडिलांपैकी एकाचं नाव दिलं तरी चालतं हे 2016 च्या डिसेंबरात आलं. म्हणजे देशानं बाईला आई म्हणून ओळखायला एवढी वर्षं लावली, सासूबाईंना जरा महिने द्या.

पासपोर्टला अडचण येते ती स्पेलिंगची. दाखल्यावर, आधारवर, तुमच्या आणि नवऱ्याच्या पासपोर्टवर एकेक अक्षर सारखं ठेवा, कुठे एक ए जास्त, कुठे एच गायब असं झालं की मग खेटे.

प्रश्न (सांगली): मी 69, एकटी असते. मुलगा ऑस्ट्रेलियाचा नागरिक आहे. तो म्हणतो आई फ्लॅट आत्ताच बक्षीसपत्र करून माझ्या नावावर कर, नंतर कटकट नको. करू का?

उत्तर: नको. इतकं सरळ उत्तर मी सहसा देत नाही. मुलगा चांगला असेल, असणारच, पण बक्षीसपत्र झालं की फ्लॅट त्याचा आणि तुम्ही तिथे राहणाऱ्या पाहुण्या. मृत्युपत्र करा, रजिस्टर करा, हवं तेव्हा बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर 'आईची देखभाल करायची' ही अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या, कारण ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा आहे, त्याच्या कलम 23 खाली ती अट मोडली तर असा दस्त रद्द करून मागता येतो, अट लिहिलेलीच नसली की मग वाद घालत बसा.

त्याच कायद्यातली एक गोष्ट मला कायम खटकते. तो परदेशातल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे असं त्यात लिहिलंय. भारतीय नागरिकांना! 2007 साली सुद्धा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर परदेशात गेलेला पण भारतीयच राहिलेला मुलगा होता. तुमच्यासारख्या आईच्या बाबतीत पोटगीचा आदेश ऑस्ट्रेलियन मुलापर्यंत पोचवायचा कसा, हा प्रश्न वकिलाला विचारा आणि तो किती वेळ डोकं खाजवतो ते बघा. म्हणून म्हणते, फ्लॅट तुमच्या नावावर राहू द्या.

प्रश्न (पनवेल): चार पिढ्यांनंतर बाहेरच्या मराठी लोकांचं मराठीपण उरतं का हो? की सगळं नाटक आहे मंडळांचं?

उत्तर: तुम्ही पनवेलचे, मग बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, उदाहरण तुमच्या दारातलंच आहे. अलिबाग, पेण, नवगाव इकडचे, आडनावं पेणकर, नवगावकर, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली. 1948 नंतर बहुतेक सगळे इस्रायलला गेले, आणि तिथे त्यांना काय ऐकावं लागलं तर तुम्ही खरे ज्यू आहात का, म्हणजे लग्नं लावायला तिथले धर्मगुरू खळखळ करायचे. लोकांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं, 1964 ला तिथल्या संसदेनं ठराव केला की हे सर्वार्थानं ज्यूच. एवढं लढून ज्यू ठरल्यावर त्यांनी मराठी टाकून दिली का? जुन्या पिढीनं नाही. मलिदा अजून होतो, पोहे, ओलं खोबरं, फळं, ताटात मांडून, हिब्रू प्रार्थना आणि कोकणातलं ताट. नातवंडं हिब्रूच बोलतात, लष्करात जातात, इस्रायली आहेत ती. मॉरिशसमध्ये तर मराठी माणसं एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेली, घरात क्रिओल बोलतात, आणि गणेश चतुर्थीला देशाला सुट्टी असते.

तेव्हा भाषा जाते, ताट राहतं, असं साधारण दिसतं. मला स्वतःला भाषा गेल्याचं वाईट वाटतं आणि ताटावर समाधान मानावंसं वाटत नाही, पण ते माझं झालं. मंडळांचं नाटक म्हणाल तर नाटक बसवायला सुद्धा शनिवारी तालमीला यावं लागतं, पार्किंग शोधावं लागतं, ठाण्यात किती जण येतात?

शेवटची सूचना, ही मात्र गंभीर. प्रश्न पाठवताना आधार, पासपोर्ट, सातबारा, जन्मदाखला यांचे फोटो कृपा करून जोडू नका. या महिन्यात आलेले सगळे डिलीट केलेत. ज्यांनी भावाच्या पासपोर्टचं पहिलं पान पाठवलंय त्यांनी भावाला विचारलं होतं का?